टीपॉय घेण्याआधी : हॉलच्या मधल्या जागेविषयी

पैठणकर तर समोर बसलेलेच आहेत, आणि काही जण हे नंतर घरी बसून वाचणार आहेत. मागच्या वेळी आपण स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोललो होतो. तेव्हा शेवटी एका ताईंची चिठ्ठी आली होती, "नव्या हॉलसाठी कॉफी टेबल कसं निवडायचं?" आम्ही हसत हसत हो म्हणालो. एवढ्याशा टेबलावर तासभर काय बोलणार, असं वाटलं होतं. पण घरं आखायचं आणि फर्निचर करून द्यायचं काम आम्ही इतकी वर्षं करतोय, तर तक्रारींची वही काढून बघितली. सोफ्याच्या तक्रारी कमी, कपाटाच्या त्याहून कमी. सगळ्यात जास्त तक्रारी या मधल्या टेबलाच्या निघाल्या. मोठं झालं, टोचतं, हलवता येत नाही, पाय फुगले, काच तडकली. म्हणजे विषय वाटतो तेवढा छोटा नाही.

आधी नावाचं बघू, कारण नावातच गंमत आहे. दुकानदार म्हणतो सेंटर टेबल. ऑनलाइन शोधायचं तर कॉफी टेबल. आपल्या घरात मात्र सगळे म्हणतात टीपॉय. आता टीपॉय म्हणजे 'टी' ठेवायचा म्हणून टीपॉय, असं आपल्याला वाटतं. साहेबालाही तसंच वाटलं होतं. मुळात शब्द आपल्याकडचाच आहे, तिपाई. तीन पायांची ती तिपाई. मराठीत आपण तिवई म्हणतो, तिच्याच नात्यातली. इंग्रजांनी तो शब्द उचलला, त्याचं टीपॉय केलं, आणि उच्चारात 'टी' ऐकू येतोय म्हणून विलायतेत चहापत्ती ठेवायच्या पायवाल्या पेटीलाच टीपॉय म्हणायला लागले. मग तोच शब्द बोटीत बसून परत आपल्याकडे आला, आणि आपण चार पायांच्या टेबलाला तीन पायांचं नाव देऊन मोकळे झालो. (हशा)

नावाची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की तिवई ही मुळात हलकी वस्तू. लागली की आणायची, काम झालं की भिंतीला लावायची. चौरंगाचंही तसंच. सत्यनारायण असला की चौरंग मधोमध येतो, त्याला केळीचे खुंट लागतात, पूजा झाली, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की चौरंग परत आत. पाट तर आणखी हलका. आपल्या जुन्या घरात मधोमध कायम ठाण मांडून बसलेली वस्तू नव्हतीच.

इथे गावठाणात ज्यांचे वाडे आहेत किंवा होते, त्यांनी डोळे मिटून आपली ओसरी आठवा. भिंतीला लागून गाद्या, लोड, तक्के. आणि मधली जागा? मोकळी. त्या मोकळ्या जागेत दुपारी धान्य निवडलं जायचं, संध्याकाळी पोरं खेळायची, सणाला पंगत बसायची, रात्री अंथरुणं पडायची. एकच जागा चार कामं करत होती, कारण तिच्यात काही ठेवलेलं नव्हतं.

मग सोफा आला. सोफा भिंतीला लागला तोवर ठीक होतं, पण सोफ्यावर बसलेल्याने कप ठेवायचा कुठे? गादीवर बसणारा जमिनीवर ठेवायचा. सोफ्यावर बसल्यावर जमीन लांब पडते. म्हणून मधे टेबल आलं. तिकडेही फार जुनी गोष्ट नाही ही. इंग्लंडमध्ये 1860 च्या दशकाच्या शेवटी गॉडविन नावाच्या वास्तुकाराने 'कॉफी टेबल' म्हणून एक टेबल आखलं, पण ते आजच्या मानाने चांगलंच उंच होतं. बुटकं टेबल खऱ्या अर्थाने विसाव्या शतकातलं. आणि ज्याच्या नकला आज आपल्याकडच्या शोरूममध्ये सुद्धा दिसतात, दोन वळणदार लाकडी तुकडे आणि वर गोलसर त्रिकोणी जाड काच, ते टेबल इसामु नोगुची या शिल्पकाराचं. अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीने ते 1947 च्या सुमाराला बाजारात आणलं. उंची साधारण 40 सेंटीमीटर. सुंदर वस्तू आहे, वादच नाही. पण ती ज्या खोलीसाठी केली त्या खोलीत रात्री कुणी अंथरूण घालत नव्हतं, हे लक्षात ठेवायचं.

आता पैठणचं बोलू. आपल्याकडे फाल्गुन वद्य षष्ठीला काय होतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुकाराम बीजेला नाथांच्या वाड्यातल्या रांजणाची पूजा झाली की गावाला षष्ठीचे वेध लागतात. दिंड्या येतात, आणि दिंडीबरोबर पाहुणे येतात. मामा, आत्या, त्यांच्या शेजारचे, शेजाऱ्यांचे व्याही. षष्ठी, सप्तमी, अष्टमीचा काला, तीन दिवस गावातल्या घराघरातला हॉल हा हॉल राहत नाही, धर्मशाळा होते. बाहेरगावी वाचणाऱ्यांनी षष्ठीच्या जागी गणपती धरा, बारसं धरा, लग्नाच्या आदल्या दिवशीची रात्र धरा. गोष्ट एकच. आपला हॉल वर्षातून काही दिवस पूर्ण रिकामा व्हावा लागतो. म्हणून टीपॉय निवडताना आमचा पहिला प्रश्न दिसण्याचा नसतो. आम्ही विचारतो, षष्ठीला हा कुठे जाणार? आणि कोण उचलणार?

हा प्रश्न आम्ही शिकलो तो स्वतःच्या घरी, आणि फार वाईट रीतीने शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक दगडी टॉपचा टीपॉय घेतला होता. दुकानाचं नाव सोडा, दोष दुकानाचा नव्हताच, निवड आमची. काळा ग्रॅनाइट, खाली लोखंडी फ्रेम. षष्ठीला पाहुणे आले, दोघांनी मिळून तो कसाबसा सरकवला आणि आतल्या खोलीच्या दाराजवळ भिंतीला लावून ठेवला, कारण पुढे नेणं होत नव्हतं. वडील रात्री उठले. वीस वर्षं अंधारात त्याच वाटेने न्हाणीघराकडे जायची सवय. पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही. नडगी टीपॉयला लागली, आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, चालायला लागले, पण काठी आली ती कायमची. पुढच्या षष्ठीला तो टीपॉय घरात नव्हता. हे आम्ही सहानुभूतीसाठी सांगत नाही. फर्निचर करणाऱ्या माणसाच्या घरात हे झालं, म्हणून सांगतो.

तर वजन. हिशोब सोपा आहे, प्रत्येकाने करावा. चार फूट बाय दोन फुटांचा टॉप धरा. 18 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट असेल तर नुसत्या टॉपचं वजन साधारण 36 किलो होतं. 12 मिलिमीटरची काच असेल तर 22 किलोच्या आसपास. एक इंच जाड सागवान असेल तर 12 किलो. 19 मिलिमीटर प्लाय असेल तर आठ-नऊ किलो. यात पाय आणि फ्रेम धरलेली नाही. आता घरात कोण आहे ते बघा. मुलं पुण्याला नाहीतर बाहेर देशात, घरात साठीचे दोघं. त्यांनी 36 किलो उचलायचे?

पण थांबा, हलकं म्हणजे चांगलं असं सरळ गणित नाही. साठीचेच दोघं खोल सोफ्यातून उठताना काय करतात? एक हात टेबलावर टेकवतात. मधे एकच खांब आणि वर गोल टॉप असलेला हलका टीपॉय असेल तर कडेला भार पडला की तो कलंडतो, आणि माणूस चहासकट खाली. म्हणून आम्ही सांगतो, पाय चार, तेही टॉपच्या कोपऱ्यांच्या जवळ, फार आत घेतलेले नकोत. एकूण वजन पंधरा किलोच्या आतबाहेर, म्हणजे एकट्याला सरकवता येईल आणि दोघांना उचलता येईल. दुकानात गेल्यावर लाजायचं नाही. टीपॉयच्या कडेवर हात टेकवून उठून बघायचं. सेल्समन बघत राहील, बघू दे.

आता मापं. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण शोरूम मोठी असते आणि तिथे सगळंच लहान दिसतं. आपला नवा हॉल पुष्कळ वेळा दहा फूट रुंदीचा असतो. दहा फूट म्हणजे 120 इंच. भिंतीपासून सुरू करू. सोफ्याची खोली 34 इंच. सोफा आणि टीपॉय यांच्यात गुडघ्यांसाठी 16 इंच. समोर टीव्हीचं युनिट 16 इंच. आणि टीव्हीसमोरून माणूस आडवा न होता जावा म्हणून 30 इंच वाट. बेरीज झाली 96. उरले किती? 24 इंच. त्यात दोन इंच इकडेतिकडे होतातच, भिंतीचा गिलावा, सोफा भिंतीपासून थोडा पुढे. म्हणजे टीपॉयला 22 इंच रुंदी मिळाली. शोरूममध्ये आवडतो तो 30 इंचांचा. तो आणला की आठ इंच वाटेतले जातात, 22 इंचांची वाट राहते, आणि मग घरातला प्रत्येक जण आयुष्यभर तिरका चालतो.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. सोफ्याच्या दोनतृतीयांश असली की डोळ्याला बरं वाटतं. सहा फुटी सोफा, चार फुटी टीपॉय.

उंचीचं मात्र मनावर घ्या. सोफ्याची गादी माणूस बसल्यावर जिथे दबून थांबते, त्या पातळीला किंवा एक-दोन इंच खाली टॉप हवा. बहुतेक घरांत हे 15 ते 17 इंच येतं. हल्ली फार बुटके, दहा-बारा इंचांचे टीपॉय निघालेत, फोटोत छान दिसतात. पण आपल्याकडे हॉलमध्ये नुसती कॉफी पीत नाहीत हो. पोह्यांची डिश असते, दिवाळीत फराळाचं ताट असतं, टीव्हीसमोर रात्रीचं जेवण होतं, आपण कबूल करत नाही तरी होतं. दहा इंचांवरच्या ताटात जेवायचं म्हणजे कमरेची परीक्षा.

एक साधा उपाय सांगतो. रद्दीचे पेपर घ्या, चिकटपट्टीने जोडा, टीपॉयच्या मापाचा कागद करा आणि हॉलमध्ये जमिनीवर चिकटवून ठेवा. चार दिवस तसाच राहू द्या. कागदावर पाय पडला तर समजायचं, तिथे टीपॉय अडणार आहे. पेपर फाटला ती बाजू कमी करायची. आमच्या एका गिऱ्हाईकाच्या घरी तिसऱ्या दिवशी पेपरचा एक कोपरा पूर्ण गेला. त्यांनी चौकोनी सोडून लंबगोल टीपॉय केला.

कोपऱ्यांचा विषय निघालाच आहे तर घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर टोकदार कोपरा नकोच. सोळा-सतरा इंचांची कड ही अशा मुलाच्या बरोबर तोंडाच्या आणि कपाळाच्या पट्ट्यात येते. सुतार कोपऱ्याला दोन इंचांची गोलाई देऊ शकतो, खर्च जवळजवळ काही नाही. आणि पैठणकरांसाठी खास. तुमच्याकडे नातेवाईक पैठणी घ्यायला येतात, आणि पैठणी उघडून बघायची जागा कोणती? हाच टीपॉय. सनमायकाची कड सुटलेली असली किंवा धातूच्या फ्रेमला वेल्डिंगचा कण राहिलेला असला की पदराची जर अडकलीच. कडेवरून जुना मऊ कापडाचा तुकडा फिरवून बघायचा. कापड अडकलं तर पैठणीही अडकेल.

आता कशाचा करायचा. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती आधी सांगतो. आपण फरशी पाण्याने पुसतो. रोज. म्हणजे टीपॉयचे पाय वर्षातून तीनशेपासष्ट वेळा ओले होतात. पार्टिकल बोर्ड किंवा साधा एमडीएफ असेल आणि खालची कड बंद केलेली नसेल, तर पाणी वर चढतं आणि पाय खालून फुगतो. टॉप नवाकोरा, पाय बिस्किटासारखे. म्हणून पाय लाकडाचे किंवा धातूचे घ्या आणि खाली रबराचे किंवा प्लास्टिकचे बूट बसवून घ्या. दुसरं, खाली फडकं आणि झाडू जाईल एवढी जागा ठेवा, पाच-सहा इंच तरी. नाहीतर पूर्ण जमिनीला टेकलेला ठेवा. इंच-दीड इंचाची फट सगळ्यात वाईट. केर आत जातो, बाहेर येत नाही. आणि शेताजवळ घर असेल तर अशा अंधाऱ्या फटीत कोण येऊन बसतं ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

काच घ्यायची असेल तर टफनच घ्या. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात, टफन फुटली की बारीक बोथट चुरा होतो. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा छोटा शिक्का असतो, तो दाखवायला सांगा. एकदा टफन केलेली काच परत कापता येत नाही, तेव्हा माप आधी पक्कं करायचं. तरी आमचं प्रामाणिक मत विचाराल तर आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीत काच म्हणजे दिवसातून तीनदा पुसायची नोकरी. आणि अंधारात ती दिसत नाही. वडिलांच्या प्रकारानंतर आम्ही काचेचा टीपॉय कुणाला सुचवत नाही. मागितला तर करून देतो.

संगमरवर आणि कडप्पा यांच्यावर लिंबू सांडलं की डाग नाही, चट्टाच पडतो, कारण दगडातला चुना आंबटाला बळी पडतो. ग्रॅनाइटचं तसं होत नाही, पण त्याच्या वजनाचं बोलून झालं आहे.

राहिलं लाकूड. यावर थोडं सविस्तर बोलू, कारण पैठणमध्ये याबाबतीत एक संधी आहे. जुने वाडे पाडले जातायत. चांगलं की वाईट हा वेगळा विषय, वाटण्या झाल्या, भिंती खचल्या, लोकांचा इलाज नसतो. पण त्यातून निघणाऱ्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या यातलं पुष्कळसं सागवान असतं, आणि ते भंगाराच्या नाहीतर जळणाच्या भावाने जातं. टीपॉयला लाकूड लागतं ते किती? कडीपाटाच्या चार-पाच चांगल्या फळ्या. तुमच्या पणजोबांच्या माडीची जमीन नव्या हॉलमध्ये येऊन बसते.

फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. सगळं जुनं लाकूड सागवान नसतं. एका कोपऱ्यावर रंधा मारून बघा, सागाला स्वतःचा वास असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. फळीवर टिचकी मारा, पोकळ आवाज आला तर आत वाळवीने काम केलेलं आहे. छोटी भोकं आणि ताजा बारीक भुगा दिसला तर किडा अजून जिवंत आहे, ती फळी घरात आणायची नाही. जुने खिळे आत तुटून राहिलेले असतात, लोहचुंबक फिरवून ते शोधा, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जाईल आणि तो तुम्हाला बोलेल. आणि जुना ऑइलपेंट असेल तर तो घरात पोरांसमोर घासू किंवा जाळू नका, जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं.

जुनं लाकूड मुरलेलं असतं हे खरं, पण लाकूड कधीच पूर्ण थांबत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. फळी उन्हाळ्यात रुंदीत आकसते, पावसाळ्यात पसरते. लांबीत जवळपास काही फरक नाही, रुंदीतच. म्हणून टॉप फ्रेमला चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून घट्ट बसवला की एखाद्या मे महिन्यात दुपारी फट्ट आवाज येतो आणि मधून चीर. सुताराला सांगायचं, टॉप खालून स्क्रूने धरा, पण स्क्रूचं भोक रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा राहील. चांगल्या सुताराला हे माहीत असतं. पण घाईत असतो, म्हणून आपण बोलायचं.

पॉलिशचं दोन वाक्यांत. लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यात देखणं, पण गरम कपाचं पांढरं वर्तुळ उठतं. रोजच्या वापराला पीयू बरं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : टीपॉयला खाली ड्रॉवर करून घ्यावा का?

वजन वाढतं, आणि सहा महिन्यांत त्यात बंद पडलेले रिमोट, जुनी बिलं आणि एक नेलकटर एवढंच राहतं. खाली उघडी फळी ठेवा, पेपर आणि चष्मा राहतो. तेवढं बास.

प्रश्न : आमचा हॉल नऊ फुटांचाच आहे. मग काय करावं?

मग टीपॉय घेऊ नका. खरंच सांगतोय. मघाचा हिशोब नऊ फुटांना लावा, 108 इंचांतून 96 गेले, उरले 12. बारा इंचांचा टीपॉय म्हणजे बाकडं झालं. त्याऐवजी सोफ्याच्या दोन टोकांना दोन तिवया ठेवा, किंवा एकात एक जाणाऱ्या टेबलांचा संच घ्या. पाहुणे आले की तीन, एरवी एक. मधली जागा तुमची राहते.

प्रश्न : ऑनलाइन मागवताना काय बघायचं?

फोटो सगळ्यात शेवटी बघा. आधी वजन वाचा, त्यावरून आत काय आहे ते बरंच कळतं. चार फुटी टीपॉय, नाव 'लाकडी', आणि वजन सहा-सात किलो असेल तर आत भरीव लाकूड नाही. आयकियाचं लॅक नावाचं टेबल असंच हलकं असतं, आत कागदाची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते. ते तसं सांगून विकतात, त्यात फसवणूक नाही. फक्त आपल्या रोजच्या ओल्या फडक्याशी त्याची मैत्री होत नाही. आणि उंची इंचांत मोजून घ्या, टेप सोफ्याला लावून.

प्रश्न : (मागच्या रांगेतल्या आजी) आमच्या घरी सासूबाईंचा सागवानी चौरंग आहे. सूनबाई म्हणते टाकून द्या, हॉलमध्ये शोभत नाही. त्याचा टीपॊय होईल का?

आजी, तुमच्याकडे खाली गादीची बैठक आहे की सोफा? सोफा. मग चौरंग तसाच ठेवून उपयोग नाही, तो नऊ-दहा इंचांचा असेल, वाकावं लागेल. पण त्याचे पाय कापायचे नाहीत आणि त्याला नवे पाय ठोकायचेही नाहीत. खाली सहा-सात इंचांची वेगळी सागवानी चौकट करायची आणि तिला वरून खाचा पाडायच्या, चौरंगाचे चारही पाय त्या खाचांत बसतील अशा. एरवी तो टीपॉय. पूजेला वरचा चौरंग उचलला की झाला परत चौरंग. सूनबाईंना घेऊन या, आणि येताना चौरंगाची लांबी, रुंदी आणि पायांची जाडी लिहून आणा.